सत्तरीच्या आसपास ३० दिवसांचा एलिमिनेशन डाएट: गोळ्या, वजन आणि कवळी कशी सांभाळायची?

पानगळ

आई (६८) आणि बाबा (७२) दोघांनाही ३० दिवस धान्यं, डाळी-कडधान्यं, दूधदुभतं, साखर, दारू आणि पाकीटबंद पदार्थ पूर्ण बंद करून बघायचं आहे. भाज्या, फळं, अंडी, मासे, चिकन, सुकामेवा आणि तेल चालेल. नंतर एकेक गट परत सुरू करायचा. वजन उतरवणं हा हेतू नाही. आईचं पोट फुगतं, बाबांना जेवणानंतर जडपणा येतो. त्यांना नेमकं काय बाधतं ते शोधायचंय.

बाबा: ५८ किलो, मधुमेह, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची एकत्र गोळी.
आई: ५१ किलो, सकाळी थायरॉइडची गोळी (थायरॉक्सिन), वर-खाली कवळी, बद्धकोष्ठता जुनी.

नेटवर सापडणारं सगळं चाळिशीच्या आतल्या लोकांसाठी लिहिलेलं दिसतं. या वयात काय वेगळं करायचं? दूध बंद केल्यावर कॅल्शियमचं काय? आणि परत सुरू करण्याचा क्रम कसा ठेवायचा?

---

तोलकाटा

आधी गोळ्यांचं बघा, ताटाचं नंतर. या वयात असा आहार फसतो तो बहुतेक वेळा औषधाचा डोस जुन्याच जेवणावर बेतलेला राहिल्यामुळे.

ग्लिमेपिराइड सगळ्यात आधी. ही गोळी तुम्ही काय खाल्लंत ते पाहत नाही. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटातून धान्य आणि डाळ एका दिवसात गेली आणि डोस तोच राहिला, की साखर ७० च्या खाली जाऊ शकते. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा असं होत नाही. म्हणून सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं ते "हा डाएट करू का" एवढंच नाही. "कर्बोदकं साधारण निम्मी होणार आहेत, ग्लिमेपिराइड किती कमी करायची आणि कोणत्या आकड्याला तुम्हाला फोन करायचा" असं नेमकं विचारा. पहिले सात दिवस ग्लुकोमीटरवर चार वेळा मोजा: उपाशीपोटी, दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाआधी, झोपताना.

म्हाताऱ्या माणसांत साखर उतरल्याची लक्षणं फसवी असतात. घाम, थरथर होईलच असं नाही. नुसतं गोंधळल्यासारखं बोलणं, चिडचिड किंवा चालताना तोल जाणं एवढंच दिसतं. ७० च्या खाली आकडा आला तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्यायचं, १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून खालीच असेल तर परत तेवढंच द्यायचं. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून काही घालू नका, थेट रुग्णवाहिका बोलवा. आणि "साखर बंद आहे ना" म्हणून कोणी ग्लुकोज नाकारत असेल, तर हे औषध आहे हे आधीच ठरवून ठेवा.

कर्बोदकं शून्याकडे नेऊच नका. प्रत्येक जेवणात १५० ग्रॅम उकडलेला बटाटा किंवा रताळं ठेवलं की साधारण ३० ग्रॅम कर्बोदकं मिळतात. धान्य बंद आणि कर्बोदकं बंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बरेच लोक पहिल्याच दिवशी तिथे घसरतात. (डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातली मधुमेहाची गोळी कुणाला चालू असेल तर हे आणखी महत्त्वाचं: कर्बोदकं फार उतरली की साखर २५० च्या आत असतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. उलटी, धाप, पोटदुखी झाली तर नुसत्या ग्लुकोमीटरवर विसंबायचं नाही.)

आता बीपीची गोळी. कर्बोदकं कमी झाली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. पाकीटबंद पदार्थांतून नकळत येणारं मीठही त्याच दिवशी थांबतं. त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड आहेच. म्हणून बीपी बसून मोजलं तेवढ्यावर थांबू नका. पाच मिनिटं आडवं पडून एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर चक्कर येत नसली तरी डॉक्टरांना कळवा. रात्री बाथरूमला उठताना पडणं हाच यातला खरा धोका आहे.

सुरू करण्याआधीच्या तपासण्या: क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम), सोडियम, पोटॅशियम, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिन, बी१२ (मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर ते उतरतं). मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर हा सगळा आराखडाच बदलतो. घरी कुणी वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) घेत असेल तर पालेभाज्या अचानक वाढवायच्या नाहीत. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आठवड्याच्या आत तपासायचा.

---

कडूगोड

तोलकाटांनी गोळ्यांचं सांगितलं, पण त्याच्याही आधी आईचं पोट. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेलं किंवा वाढत चाललेलं पोट फुगणं हे आधी डॉक्टरांनी तपासायचं असतं, आहाराचे प्रयोग नंतर. सोबत वजन उतरणं, लवकर पोट भरणं, शौचातून रक्त, रक्तक्षय किंवा वारंवार लघवीला जाणं असेल तर अजिबात थांबू नका. स्त्रियांमध्ये या वयात बीजांडकोशाचा कर्करोग असाच "गॅस होतो" म्हणून महिनोन्‌महिने लपतो.

दुसरं, गहू बंद करायच्या आधी सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए, सोबत एकूण आयजीए) उरकून घ्या. गहू बंद केल्यावर अँटिबॉडी हळूहळू उतरतात आणि तपासणी खोटी नॉर्मल येऊ शकते. मग खरं-खोटं करायला पुन्हा कित्येक आठवडे गहू खावा लागतो. "१०० पदार्थांची अ‍ॅलर्जी सांगणारी" आयजीजी तपासणी मात्र करू नका. ती बाधणाऱ्या पदार्थांपेक्षा तुम्ही रोज काय खाता तेच जास्त दाखवते.

आता ताट. साठीनंतर प्रथिनं किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, तरुणांसाठीचा ०.८ चा आकडा इथे पुरत नाही. बाबांना ७० ग्रॅम, आईला ६० च्या आसपास धरा. (मूत्रपिंडाचा अहवाल ठीक असेल तरच.) डाळ आणि दूध दोन्ही गेल्यावर एवढं भरत नाही, आणि घरच्यांच्या लक्षातही येत नाही, कारण ताट भाज्यांनी भरलेलं दिसतं.

एका अंड्यात ६ ग्रॅम. शिजवलेल्या माशात १०० ग्रॅमला २० ते २५. शिजवलेल्या चिकनमध्ये ३० च्या जवळपास. बदाम ३० ग्रॅम घेतले तर ६. म्हणजे बाबांचं साधं गणित: सकाळी दोन अंडी आणि ६० ग्रॅम मासा, दुपारी १०० ग्रॅम मासा, रात्री ८० ग्रॅम चिकन. सगळं रात्रीच्या एकाच जेवणात कोंबू नका. वय झालेल्या स्नायूंना एका वेळी २५-३० ग्रॅम मिळाल्याशिवाय नीट चालना मिळत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात वजनकाटा वापरा, नंतर डोळ्याला अंदाज येतो.

कवळी असलेल्यांना अशा आहारात अडचण येते ती चावण्याची. कच्ची काकडी-गाजरं, सुकं चिकन, अख्खे बदाम समोर ठेवले की माणूस निमूटपणे कमी खातो आणि "भूक नाही" म्हणतो. चिकन खिम्यासारखं बारीक करून किंवा मंद आचेवर दीड-दोन तास पाण्यात शिजवून द्या. भाज्या मऊ शिजवा, वर एक चमचा तेल घाला. सुकामेवा दळून द्या, अख्ख्या दाण्यांचे कण कवळीखाली अडकून हिरडीला जखमा होतात. मासा बिनकाट्याचाच घ्या: वरची कवळी टाळू झाकते, त्यामुळे तोंडात काटा आहे हे जिभेला कळेपर्यंत तो घशात गेलेला असतो.

कॅल्शियम: ३० दिवस दूध नाही म्हणून हाडं ठिसूळ होत नाहीत, एवढी धास्ती नको. पण महिन्यानंतरही दूध बंदच राहणार असेल तर हिशेब करायला हवा. या वयात दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतं आणि २५० मिलि दुधातून ३०० मिळतं. डब्यातली सार्डिन काट्यासकट खाल्ली तर १०० ग्रॅमला ३८० च्या आसपास (डब्यातले काटे मऊ असतात, कुस्करून घ्या). न सोललेल्या तिळाचा एक मोठा चमचा ८०-९०. पालकावर भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं आणि जेमतेम पाच टक्के अंगी लागतं. डॉक्टरांनी गोळी दिली तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, कार्बोनेट असेल तर जेवणासोबत, आणि थायरॉक्सिनपासून चार तास लांब.

बद्धकोष्ठता पहिल्या दहा दिवसांत वाढेल असं धरूनच चला. धान्य-डाळींचा चोथा गेला की नुसत्या मांसाने आतडं हलत नाही. रोज दोन किवी, किंवा ५० ग्रॅम सुकवलेले आलुबुखारे दिवसातून दोनदा. बाबांनी साखरेमुळे आलुबुखारे सोडून किवी घ्यावेत. भाज्या हळूहळू वाढवा. पहिल्याच दिवशी वाडगाभर कोबी-फ्लॉवर दिला तर पोट आणखी फुगेल आणि दोष डाएटला जाईल. आधीपासून इसबगोल चालू असेल तर बंद करू नका, मोठा पेला पाणी हवंच, आणि तेही थायरॉक्सिनच्या जवळपास नको.

---

पानगळ

खूप उपयोगी. सिलिअ‍ॅकची तपासणी डोक्यातच नव्हती, आणि पोट फुगण्याचंही आधी दाखवून घेतो. एक शंका: सगळीकडे लिहिलेलं असतं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं दुखतं, गळल्यासारखं होतं, तेव्हा भरपूर पाणी प्या, मीठ वाढवा. बाबांना हे चालेल का?

---

तोलकाटा

"भरपूर पाणी" हा सल्ला त्यांच्यासाठी नाही. थायझाइड गटातल्या गोळीवर असलेल्या वृद्ध माणसाने मीठ कमी आणि साधं पाणी जास्त असं केलं तर रक्तातलं सोडियम १३५ च्या खाली जाऊ शकतं. त्याची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, ग्लानी, गोंधळलेपण. हुबेहूब तीच, ज्यांना लोक "चौथ्या दिवसाचा त्रास" म्हणतात आणि वर आणखी दोन लिटर पाणी पाजतात. हे दुष्टचक्र ओळखायला शिका.

एकूण पेयं बाबांना दिवसाला सुमारे २ लिटर, आईला १.६ लिटर, चहा-कॉफी-सूप धरून. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून वेळा ठरवा: उठल्यावर, दोन जेवणांच्या मध्ये, संध्याकाळी. रात्री आठनंतर कमी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर डॉक्टरांचा आकडा चालेल, हा नाही.

मीठ मुद्दाम वाढवू नका, पण स्वयंपाकातलं कमीही करू नका. उभं राहिल्यावर बीपी उतरत असेल तर मिठाने भरपाई करत बसण्यापेक्षा गोळीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घेणं बरोबर. आणि "लो सोडियम" नावाने मिळणारं मीठ घरात आणूच नका. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवतं, वर बटाटे, रताळी, केळी, नारळपाणी. सगळं मिळून पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. दोन आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम एकदा परत तपासा.

चौथ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटलं तर क्रम असा: आधी साखर मोजा, मग आडवं-उभं बीपी, मग दिवसभरात बटाटा-रताळं खरंच पोटात गेलं का ते बघा. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नावरच उत्तर सापडतं. गोंधळलेपण किंवा वारंवार उलट्या असतील तर घरी न बघता डॉक्टर.

दारूचं: रोज बऱ्यापैकी पिणाऱ्याने ती या डाएटसाठी एकदम तोडू नये. तो वेगळा विषय आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीतच होतो.

---

रिकामा_रकाना

मला मुळात सगळे गट एकदम काढणं पटत नाही. ५१ किलोच्या, कवळी असलेल्या बाईला महिनाभर एवढं बंधन घालून उत्तर काय मिळणार? "बरं वाटलं" एवढंच. कशामुळे, ते कळणारच नाही. पोट फुगण्यात सगळ्यात जास्त संशय असतो तो लॅक्टोज (दुधातली साखर) आणि गव्हातल्या फ्रुक्टॅनवर (पोटात आंबून गॅस करणारं कर्बोदक). दोन आठवडे फक्त दूध काढून बघा. फरक नाही पडला तर दूध परत सुरू करून दोन आठवडे फक्त गहू काढा. स्नायूही शाबूत, माणूसही शाबूत.

आणखी एक. कांदा आणि लसूण या आहारात पूर्ण चालतात, ते "शुद्ध" अन्नच आहे, आणि फ्रुक्टॅन त्यांच्यातही भरपूर. धान्य बंद करून रोज कांद्यात परतलेल्या भाज्या खाल्ल्या तर पोट तसंच फुगत राहतं आणि लोक म्हणतात गव्हाचा काही संबंध नव्हता.

---

कडूगोड

कांद्याच्या मुद्द्याला शंभर टक्के सहमत. आईसाठी एक-एक गटाचा मार्गही मला जास्त पटतो. दोघांना मात्र एकत्रच करायचं असेल तर सगळे गट एकदम काढलेले चालतील, पण अट एक: वजन.

२००९ साली अमेरिकेत सुरू झालेला होल३० हा या प्रकारातला सगळ्यात माहितीतला कार्यक्रम. त्याचा नियम आहे की ३० दिवस वजनकाट्यावर उभं राहायचं नाही. आकड्याच्या मागे लागलेल्या तरुणांसाठी ते ठीक. इथे उलटं करा: दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी, शौचाहून आल्यावर वजन. पहिल्या आठवड्यात किलो-दीड किलो उतरलं तर ते मुख्यतः पाणी, कारण यकृत-स्नायूंतल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. त्यानंतरही दर आठवड्याला अर्धा किलो जात असेल तर जेवणात तेल, सुक्यामेव्याची पूड, अंडी वाढवा. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि तेवढ्याने पोटही भरत नाही. महिन्यात ५ टक्के गेलं (आईचे अडीच किलो, बाबांचे जवळपास तीन) तर प्रयोग तिथेच बंद.

सोबत खुर्चीची चाचणी: हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं, घड्याळ लावून. जवळ कुणीतरी उभं हवं. सुरुवातीला एकदा आणि मग दर आठवड्याला. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील किंवा वेळ वाढत चालला असेल तर ताकद कमी पडते आहे, मग काटा काहीही म्हणो.

त्याच कार्यक्रमाच्या मूळ नियमांत चूक झाली की पहिल्या दिवसापासून परत सुरू करायचं होतं. तोही सोडून द्या. चुकून एखादा घास गेला तर वहीत लिहा आणि पुढे चला. ३० चे ४५ दिवस झाले तर मोबदल्यात काही नवं कळत नाही, फक्त वजन उतरतं.

---

रिकामा_रकाना

मग परत सुरू करण्याचं मी लिहितो, कारण खरी चाचणी तीच. बहुतेक लोक एकतिसाव्या दिवशी मेजवानी करतात आणि महिनाभराची मेहनत वाया घालवतात.

वहीत फक्त तीन तक्रारी, प्रत्येकीला ० ते १० गुण, रोज रात्री एकाच वेळी. सुरू करण्याआधीच्या आठवड्याचेही गुण असू द्या, नाहीतर तुलना कशाशी करणार? तीनपेक्षा जास्त रकाने केले की पाचव्या दिवशी वही बंद पडते.

एक पदार्थ, एक दिवस: सकाळी पाव वाटी, दुपारी अर्धी, संध्याकाळी नेहमीएवढं. मध्येच त्रास झाला तर पुढची मात्रा नाही. मग दोन दिवस परत मूळ आहार आणि नुसतं निरीक्षण, कारण बद्धकोष्ठता किंवा जडपणा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उगवतो. गुण पूर्वपदावर आल्याशिवाय पुढचा पदार्थ नाही. त्या तीन दिवसांत नवीन पूरक गोळी, जागरण, प्रवास टाळा. साखर आणि बीपीच्या गोळ्यांचे बदल मात्र याच्यासाठी थांबवायचे नाहीत.

क्रम: डाळी, मग तांदळासारखी ग्लूटेन नसलेली धान्यं, मग दूध, शेवटी गहू. बाबांच्या बाबतीत धान्य परत येईल त्या दिवशी साखर चढेल, तेव्हा कमी केलेली ग्लिमेपिराइड कधी आणि किती परत न्यायची हे डॉक्टरांशी आधीच ठरवलेलं हवं. बटाट्याची वाटी त्या जेवणातून काढा.

दुधाची चाचणी दोन भागांत करा. एका खेपेला जुनं मुरलेलं कडक चीज, ज्यात लॅक्टोज जवळजवळ नसतं. दुसऱ्या खेपेला दूध. चीज पचलं आणि दुधाने गॅस झाला तर दोष लॅक्टोजचा. मग दूध कायमचं सोडायची गरज नाही. दही, लॅक्टोज नसलेलं दूध किंवा थोडी मात्रा चालते, आणि कॅल्शियमचा प्रश्नही बराचसा सुटतो. दोन्हींनी त्रास झाला तर दुधातली प्रथिनं किंवा चरबी यांचा विचार. गव्हाचंही तसंच: गहू, कांदा, लसूण तिन्हींनी फुगत असेल तर ग्लूटेनपेक्षा फ्रुक्टॅनवर संशय घ्या.

संशय आलेला पदार्थ आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा तपासा. एकदा झालेला त्रास योगायोगही असू शकतो, आणि या वयात एका योगायोगावरून ताटातला अख्खा गट काढून टाकणं महाग पडतं. पूर्वी कधी एखाद्या पदार्थाने अंगावर गांधी, ओठ-घसा सुजणं किंवा दम लागणं झालं असेल, तर तो पदार्थ घरी परत तपासायचा नाही.

---

पानगळ

ठरलं. आईचं आधी डॉक्टरांकडे, सिलिअ‍ॅकसकट तपासण्या, मग फक्त दूध दोन आठवडे. बाबांच्या गोळ्यांचं बोलणं झाल्याशिवाय त्यांचं काहीच सुरू करत नाही. थायरॉक्सिनचा डोस बदलावा लागतो का?

---

तोलकाटा

आपोआप नाही. रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, न्याहारीच्या अर्धा ते एक तास आधी ही वेळ तशीच ठेवा. वजनात मोठा फरक पडला किंवा कॅल्शियम, इसबगोल नव्याने सुरू झालं तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. त्याआधी तपासून उपयोग नाही, आकडा स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.